नववा बोल्ट

एवर्ट झ्विकर या आठवड्यात तिसऱ्यांदा आला.
ल्यूननबर्गच्या धक्क्यावर धुकं इतकं दाट
की दार उघडलं तेव्हा आधी घंटी ऐकू आली,
मग टोपी, मग तो.
काउंटरवर भुसा झटकत म्हणाला, "दाखव परत."

मी परत मांडलं.
आकड्यांच्या पट्ट्या: एक बाजू खुरात,
दुसरी गात्याच्या टोकाला, वरून दाबलं की खट्‌.
"या बोलायला लागतात," तो म्हणाला.
"पाच वर्षांनी कुणी कूस बदलली
की पलीकडच्या खोलीला कळतं."
तरी पट्टी उलटी करून स्क्रूची भोकं मोजली.
चारच होती, काल होती तेवढीच.

"मग आरपार कुसू, वर लाकडाची पाचर? लोखंड नकोच."
"दिसायला छान," तो म्हणाला,
"पण कुसू बाहेर डोकावणार,
आणि अंधारात माझी नडगी कुठून जाते
ते मला माहीत आहे."

रंगाचा डबा घ्यायला थांबलेला मरे निकल मध्येच बोलला,
"सरस लाव की आणि मोकळा हो."

एवर्ट वळला नाही.
"बापानं लावला होता.
माडीवरच्या खोलीत, तिथल्या तिथे केलेला पलंग,
मेपलचा, एक खिळा नाही.
बघायला माणसं जिना चढून यायची.
तो गेला त्या एप्रिलात
पलंग काही जिन्याच्या वळणात मावेना.
मी आणि भाऊ. करवतीनं.
खुरापासून वीतभर सोडून.
सांधा मात्र शेवटपर्यंत सुटला नाही हं."

हे तो अभिमानानं म्हणाला की कसं
मला अजून ठरवता येत नाही.
मरे सुटे पैसे तसेच टाकून गेला.

मी सगळ्यात खालच्या खणातून बोल्ट काढले,
सहा इंची, तेलकट, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
त्यानं एक हातात धरून आट्यांवरून नख फिरवलं.
"खुराच्या पोटातून आरपार.
गात्याच्या आतल्या अंगाला नटाचं घर.
कुसू आखूड, कोरडा, गातं फिरू नये एवढ्यापुरता."
बोटानं हवेत एक भोक पाडलं,
दुसरं त्याच्या इंचभर खाली,
एका खुरात दोन बाजूंनी येणारे बोल्ट
एकमेकांवर आदळता कामा नयेत म्हणून.
"बर्च हिवाळ्यात आकसतो. शेगडी पेटली की सैल.
दर फेब्रुवारीत पान्याचा पाव फेरा.
तेवढं करेन मी."

"किती देऊ?"
"आठ."
मी आठ मोजले.
"नऊ दे. एक हरवायला."

मग खिशातून कागद निघाला:
पट्ट्या कापून हव्यात, चौदा, लांबी बावन्न इंच.
मी लिहून घेतलं. बावन्नपाशी पेन्सिल जरा अडली.
अकरा वर्षं हा माणूस
स्वयंपाकघरातल्या बाकड्यावर झोपतो,
बाकडं वीस इंच रुंद, फळी मीच विकलेली.
पण दुकानात बसणारीनं माप घ्यावं,
बाकीचं गिऱ्हाइकानं सांगितलं तर.

"बोल्टची डोकी झाकायला पितळी चकत्या आहेत.
फुलाच्या की साध्या?"

इथे तो सगळ्यात जास्त वेळ उभा राहिला.
आकड्यांना, पाचरीला, सरसाला मिळून लागला नव्हता इतका.
"साध्या," म्हणाला.
दारापर्यंत गेला, घंटी वाजली, परत आला.
"दोन्ही दे. विचारून उद्या एक परत आणतो."

कागदाच्या पिशव्या कोटाच्या दोन खिशांत कोंबून
तो धुक्यात शिरला. चार पावलांवर दिसेनासा झाला,
फक्त चढावर कुठेतरी बोल्ट खुळखुळत होते,
आणि पाना
काउंटरवरच राहिला होता.